आईच्या सत्तर साड्या आणि माझे तेच ते कुर्ते

पुण्याच्या एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते. त्या 46 वर्षांच्या, बँकेत नोकरीला. दीड वर्षापूर्वी त्यांची आई गेली. आई सोलापूरला शाळेत शिक्षिका होत्या आणि ‘साडी नेसावी तर हिनंच’ असा त्यांचा नातेवाइकांत लौकिक होता. त्यांच्या सत्तरेक साड्या आता या ताईंच्या फ्लॅटमध्ये, वेगळ्या गोदरेजच्या कपाटात आहेत. कपाट उघडलं की आईचा वास येतो म्हणून एकही साडी अजून धुतलेली नाही. तीन साड्या वहिनींनी ठेवून घेतल्या, त्यात आईची हिरवी पैठणी गेली. ते सलतंय. 19 वर्षांची लेक म्हणते, उरलेली जांभळी पैठणी कापून मला मैत्रिणीच्या लग्नासाठी को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे टॉप आणि पँट) शिवून दे. ताईंना ते पाप वाटतं. त्या स्वतः वर्षभर कुर्ता-लेगिंग्ज घालतात. आईची साडी नेसून लग्नाला गेल्या की ‘फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेत उभी आहे’ असं वाटतं. ॲपवरून मागवलेले सहा-सात कुर्ते टॅगसकट पडून आहेत. मध्येच एक ओळ आहे: ‘सेलमध्ये घेतलेला निळा लिननचा शर्ट रविवारी घालते, तेवढाच काय तो मनापासून आवडतो, पण जाऊबाई म्हणाल्या, या वयात शोभत नाही.’ त्यांचा प्रश्न असा: आईच्या साड्यांचं काय करू? आणि आईला होती तशी स्वतःची स्टाइल मला का नाही? की या वयात ती शोधणंच हास्यास्पद आहे?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात साड्यांवर पानंच्या पानं आहेत आणि निळ्या शर्टावर एक ओळ. मला त्या शर्टाबद्दलच आधी बोलावंसं वाटतंय, पण धीर धरते. आधी कपाट.

तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात. कपाटातल्या सत्तर साड्या म्हणजे आईची आवड, आणि त्या सत्तरांपुढे आपले कुर्ते म्हणजे आवडीचा दुष्काळ. यातलं पहिलं गृहीतकच मला पटत नाही. आपल्याकडे बाईच्या कपाटात साड्या येतात कशा, आठवून बघा. भाच्याच्या मुंजीत मानाची, नणंदेच्या लेकीच्या लग्नात आहेराची, बारशाला आलेली, ओटीत पडलेली, शाळेच्या निरोप समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेली. कुणीतरी दुकानात ‘देण्याघेण्यातल्या दाखवा’ असं म्हणून घेतलेली नारायणपेठी, आणि ती पुढे कुणाला तरी द्यायची म्हणून घडीही न मोडता राहून गेलेली. तुम्हीच लिहिलंय की आई स्वतःसाठी दर दिवाळीला एकच साडी घ्यायची. मग नोकरीच्या वर्षांचा हिशोब तुम्हीच घाला, आणि त्यातून विरून गेलेल्या, बोहारणीला दिलेल्या आणि दुपट्यांत, गोधड्यांत गेलेल्या वजा करा. कपाटात त्यांनी स्वतः निवडलेल्या साड्या फार तर पंधरा-वीस असतील. बाकीच्या लोकांनी त्यांना दिल्या. त्यांनी त्या नेसल्या, सांभाळल्या, प्रसंगी चेहरा हसरा ठेवून ‘छान आहे हो रंग’ असंही म्हटलं असेल.

त्या पंधरा-वीस ओळखायच्या कशा? साड्या पलंगावर उलगडा आणि वाचा. वाचाच म्हणते, कारण वापरलेली साडी बरंच काही सांगते. आधी फॉल बघा. नुसता लावून ठेवलेला फॉल कोराच राहतो. नेसलेल्या साडीच्या फॉलची खालची कड मळकट होते, निऱ्यांच्या जागी टाचेनं ओढला जाऊन एखादा टाका सुटलेला असतो. काही साड्यांचा फॉल उसवून नव्यानं लावलेला दिसेल आणि त्याचा रंग साडीशी तंतोतंत जुळणार नाही. अशी साडी बाजूला काढा, ती लाडकी होती. मग पदर खांद्यावर येतो ती जागा उजेडासमोर धरा. रोज पिन लावलेल्या साडीला तिथं बारीक भोकांचा पुंजका असतो. शिक्षिकेच्या साडीवर उजव्या हाताला लाल शाईचा ठिपका सापडला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि ब्लाऊज. साडीपेक्षा ब्लाऊज जास्त बोलका असतो. उलटा करून बाजूच्या शिवणी बघा. आपले शिंपी आत कापड दाबून ठेवतात आणि अंग भरत गेलं की बाई एकेक टीप उसवत जाते. उसवलेल्या टिपेची सुईच्या भोकांची ओळ तशीच राहते आणि आत दबलेल्या कापडाचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद दिसतो. ज्या ब्लाऊजच्या दोन-तीन टिपा उसवल्या आहेत तो त्यांनी वीस-वीस वर्षं सोडला नव्हता. एकही टीप न उसवलेला ब्लाऊज एकदा घातला आणि राहिला.

हे करायच्या आधी एक फोन करा, वहिनींना. हो, त्याच वहिनींना. तुमच्या पत्रावरून दिसतं की आईंची शेवटची बरीच वर्षं त्यांच्याच घरात गेली. तुम्ही दिवाळीला, मे महिन्यात जायचात. आई तेव्हा लेक आली म्हणून ठेवणीतलं नेसत असणार. मंगळवारी सकाळी भाजी निवडताना त्यांच्या अंगावर काय होतं ते वहिनींनी पाहिलंय. खळ कुणी घातली, दोरीवर कुणी वाळत टाकली, दवाखान्यात जाताना कोणती मागून घेतली, हे त्यांना ठाऊक असेल. त्यांना एवढंच विचारा: ‘आई घरात कोणत्या साड्या सारख्या नेसायच्या?’ हिरव्या पैठणीचा विषय या फोनवर काढू नका. ती त्यांनी का ठेवून घेतली असेल याचीही दुसरी बाजू असू शकते. कदाचित त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सासूच्या अंगावर तीच होती. तुम्ही विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. पुढं कधी तुमच्या घरच्या कार्याला ‘दोन दिवस द्या, मला नेसायची आहे’ असं म्हणता आलं तर बघा. साडी एका घरात राहून दोन घरांत नेसली जाऊ शकते, आपल्या आजीच्या पिढीत हे सर्रास चालायचं.

आता माझा एक अंदाज. चुकला तर सोडून द्या. सोलापूर, शाळा, दिवसभर उभं राहणं, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे. अशा बाईच्या लाडक्या ढिगात पैठणी नसणार, सुती साड्या असणार आणि त्यात इरकली असणार. इरकल मूळची कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, पण सोलापूर-कोल्हापूरकडच्या बायकांनी ती केव्हाच आपली करून टाकली. तिचा अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. मागावरच दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून जोडतात, म्हणून अंगाचा रंग जिथं संपतो तिथं लाल पदर एका रेषेत सुरू होतो आणि पदरावर ते देवळाच्या कळसासारखे पांढरे टोप उभे राहतात. अंग सुती, काठ घट्ट आणि जड, त्यामुळे निऱ्या पडलेल्या जागी राहतात. वर्गात फळ्याकडे वळलं, खाली वाकून वह्या उचलल्या, तरी सारखी साडी सावरावी लागत नाही. हे सगळं त्यांना कुणी ‘स्टाइल’ म्हणून शिकवलं नसेल. जे अंगाला आणि कामाला सोसलं ते त्या पुन्हा पुन्हा नेसत गेल्या, आणि तेवढ्यानंच बघणाऱ्याला वाटायला लागलं की या बाईचं काही वेगळंच आहे.

मग तुमचं फॅन्सी ड्रेसचं काय? तुम्ही आईची साडी नेसता कधी, तर लग्नात. म्हणजे वर्षातून तीन-चारदा, सगळ्यात जड साडी, तिच्यासोबतचा आईचाच ब्लाऊज तुमच्या मापाला आवळून, मोत्यांचा सर, अंबाडा, आणि समोर कोण तर आईला त्याच साडीत पाहिलेल्या मावश्या आणि आत्या. प्रत्येकजण तुमच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणणार आणि ‘अगदी आईसारखी दिसतेस’ म्हणणार. यात कुणालाही नाटकात उभं राहिल्यासारखंच वाटेल. साडीचा काही दोष नाही आणि तुमचाही नाही.

त्याऐवजी त्या लाडक्या ढिगातली एक सुती साडी काढा आणि साध्या गुरुवारी बँकेत नेसून जा. ब्लाऊज आईचा नको, तुमचा हवा. मापाचा शिवलेला नसेल तर आखूड, साधा टी-शर्ट चालतो, बाहेर बघा किती पोरी तसं नेसतात. पायात रोजच्याच चपला, हातात रोजचंच घड्याळ. रिक्षात चढताना, काउंटरवर वाकताना, जेवणाचा डबा उघडताना कसं वाटतं ते बघा. अडखळायला झालं तर घरी येऊन सोडा, पुन्हा पंधरा दिवसांनी बघा. दिवसभर जमत नसेल तर रविवारी सकाळी दोन तास घरातच नेसा. नेसणं हा सवयीचा भाग आहे. सवय नसताना आलेल्या अवघडलेपणाला ‘मला शोभत नाही’ असं नाव देऊ नका.

2015 मध्ये बेंगळुरूच्या अंजू मौदगल कदम आणि ॲली मॅथन या दोन मैत्रिणींनी ठरवलं होतं की वर्षात शंभरदा साडी नेसायची आणि प्रत्येक साडीची गोष्ट लिहायची. देशभरातल्या बायकांनी ते उचलून धरलं. मला त्यातला गोष्ट लिहिण्याचा भाग फार आवडला. आकड्याच्या मागे मात्र तुम्ही लागू नका. तुमच्या स्वभावात, पत्रावरून सांगते, आधीच यादी पुरी करण्याची खोड दिसते.

आता तुमच्या कपड्यांकडे. ‘मला स्टाइल नाही’ असं लिहिलंय खरं, पण तुम्ही ती शोधताय कुठं? ॲपमध्ये आणि कपाटात. दोन्ही जागा चुकीच्या. तुमच्या सोसायटीत इस्त्रीवाला येत असेल. महिनाभर त्याच्याकडे जाणारं गाठोडं बांधताना जरा बघा काय काय जातंय. नाहीतर गॅलरीतली दोरी बघा. तेच चार-पाच कुर्ते फिरून फिरून तिथं दिसतील. त्यांना तुम्ही ‘तेच ते’ म्हणून नावं ठेवता, पण आईच्या इरकलीही त्यांच्यासाठी तेच ते होत्या की!

ते चार-पाच कुर्ते एका जागी ठेवा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते लिहून काढा. बाही कुठपर्यंत येते? गळा केवढा? खिसा आहे का? तुम्ही पत्रात एका ठिकाणी ओघात लिहिलंय की खिसा नसलेला कपडा घातला की हात कुठं ठेवायचे कळत नाही. कापड सुती आहे की ते चमकणारं, अंगाला चिकटणारं? लांबी गुडघ्याच्या वर की खाली? रंग कोणते? मग टॅग न काढलेले सहा-सात शेजारी मांडा. माझी पैज आहे, फरक लगेच दिसेल. हे नवे तुम्ही फोटोतल्या मुलीच्या अंगावर पाहून घेतलेत. तिला दिवसभर खुर्चीत बसायचं नव्हतं आणि पीएमपीच्या बसमध्ये दांडा धरून उभंही राहायचं नव्हतं.

पुढचं काम सोपं आणि जुन्या वळणाचं आहे. त्यातला सगळ्यात आवडता कुर्ता शिंप्याकडे मापाला द्या. ‘असाच शिवा, फक्त खिसे दोन्ही बाजूंना करा,’ एवढं सांगा. कापड तुम्ही निवडा, ॲपवर नको, दुकानात जाऊन हातानं चुरगळून, उजेडात नेऊन. मनाजोगे चार कुर्ते झाले की सेलचे मेसेज आपोआप सुने वाटायला लागतात, असा माझ्याकडे पत्र लिहिणाऱ्या बऱ्याच जणींचा अनुभव आहे. तुमच्या वयाच्या, तुमच्याहून मोठ्या आणि परदेशात थंडीत राहणाऱ्यासुद्धा.

आणि आता तो शर्ट.

‘या वयात शोभत नाही’ हे जाऊबाई म्हणाल्या. तुम्ही त्यावर काय म्हणालात ते लिहिलेलं नाही. बहुधा हसून विषय बदलला असणार. पण शर्ट तरी तुम्ही दर रविवारी घालताय. म्हणजे निर्णय तुम्ही घेऊन झालाय, फक्त जाहीर केलेला नाही. मला विचाराल तर 46 हे निळ्या लिननच्या शर्टाचं अगदी बरोबर वय आहे. विसाव्या वर्षी लिननच्या सुरकुत्या बघून जीव कासावीस होतो, आता होत नाही. जाऊबाईंना वाईट म्हणू नका. त्यांनाही कधीतरी कुणीतरी हेच म्हटलं असेल आणि त्यांनी ऐकलं असेल. तो शर्ट आता एखाद्या सोमवारीही घाला. बँकेत चालण्यासारखा असेल तर पँटवर घाला. नाहीतर आणखी एक सुचवते, हसू नका: आईच्या एखाद्या इरकलीवर ब्लाऊजच्या जागी तोच शर्ट खोचून घाला, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. लाल पदर आणि निळा लिनन हे मला डोळ्यांपुढं तरी झकास दिसतंय. आरशात नाही पटलं तर आरशाचं ऐका, माझं नको.

लेकीच्या को-ऑर्ड सेटचा प्रश्न उरला. साडी कापणं पाप नाही. आपल्या घरांत साडी कायम कापलीच गेली. लुगडं विरलं की त्याची परकर-पोलकी व्हायची, मग बाळाची झबली, दुपटी, कुंची, मग चार थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं गोधडी, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. पण त्याला एक क्रम होता. नेसण्याजोगी साडी आधी नेसली जायची आणि अंगावर विरली की मगच कात्री लागायची. तुमच्या मनातला ‘पाप’ हा शब्द बहुतेक या क्रमासाठी असावा.

तेव्हा जांभळी पैठणी आधी तपासा. पदराची उलटी बाजू बघा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, वेलबुट्टी यांचा प्रत्येक रंग वेगवेगळ्या धाग्यानं हातानं विणलेला असतो, त्यामुळे उलटी बाजूही जवळजवळ सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. मागं धागे लोंबत असतील किंवा कापलेल्या धाग्यांचे झुपके असतील तर ती यंत्रमागावरची, दुकानदार जिला सेमी पैठणी म्हणतात ती. सेमी असेल तर लेकीला देऊन टाका, शिवू दे काय शिवायचं ते. अस्सल असेल आणि रेशीम अजून जिवंत असेल तर कात्री लावू देऊ नका. तो पदर विणायला एका माणसाला आठवडेच्या आठवडे मागावर बसावं लागलेलं असतं, आणि शिवणीत मोर मानेपाशी कापला गेला की पुन्हा जोडता येत नाही. लेकीला म्हणा, कापू नकोस, पण पाहिजे तशी नेस. टी-शर्टवर नेस, वर पट्टा बांध, पँटवर गुंडाळ, ओढणीसारखी घे. शिवण न घालता ती काहीही करो, तुम्ही तोंड उघडायचं नाही. हा सौदा तिला पटेल असं वाटतं.

साडी घडीवर चिरायला लागली असेल तर गोष्ट निराळी. उजेडासमोर धरून घडीच्या रेषा बघा, दोन बोटांनी अगदी हलकेच ताणा. रेषेतच धागे सुटत असतील तर ती नेसून टिकणार नाही. एखाददुसऱ्या जागी विरली असेल तर मागून बारीक नेट लावून घेता येते, रफूवाल्याकडे किंवा चांगल्या फॉल-पिकोवाल्या बाईकडे. सगळीकडेच विरली असेल तर काठ आणि पदर काढून घ्या. काठ नव्या साध्या रेशमी साडीला बसवता येतो, पदराची ओढणी होते किंवा चौकट करून भिंतीवर लागतो. ‘जुन्या जरीच्या साड्या घेतो’ असं ओरडत फिरणाऱ्याला मात्र काही देऊ नका. खऱ्या जरीत चांदी असते, ते साडी जाळून ती काढून घेतात. पैसे येतील, पण कसलंही कापड शिल्लक राहणार नाही.

लाडक्या ढिगातल्या ज्या सुती साड्या नेसण्यापलीकडे गेल्या आहेत, त्यांचे तुमच्यासाठी कुर्ते शिवा. साडेपाच मीटरच्या साडीत विरलेला भाग टाळूनही गुडघ्यापर्यंतचे दोन कुर्ते साधारण निघतात, काठ बाहीला किंवा खाली घेराला येतो. इरकल असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं लाल पदराचा कोपरा पुसून बघा, रंग सुटत असला तर तो भाग वेगळाच धुवा. असा कुर्ता नवीन असून आधीच मऊ असतो. तुमच्या दोरीवर तो लवकरच रुळेल.

वासाचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. पण सांगायला हवं. रेशमी साड्या न धुता वर्षानुवर्षं ठेवू नका. घामाचे, तेलाचे डाग रेशमाला आतून खातात आणि त्यावरच कसर येते. रेशमी असतील त्या ड्रायक्लीनला द्या, जरीवर अत्तर किंवा सेंट पडला असेल तर तसं सांगून द्या. वासासाठी एक सुती साडी न धुता ठेवा, त्यांनी शेवटच्या दिवसांत नेसलेली असेल तर तीच. स्वच्छ सुती पिशवीत वेगळी ठेवा आणि पाहिजे तेव्हा उघडा. वास हळूहळू जाईलच, सगळं कपाट बंद ठेवलं तरी जाईल. बाकीच्यांना त्या एका वासासाठी कोंडून ठेवण्यात अर्थ नाही.

कपाटात प्लॅस्टिकची चेनवाली कव्हरं असतील तर आजच काढा, आत दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते. जुनी धुतलेली मलमल किंवा पांढरा सुती पंचा गुंडाळा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत, कोपऱ्यात, जरीला लागणार नाहीत अशा. मला विचाराल तर लवंगा आणि वाळलेला कडुलिंब बरा. जड जरीची साडी हँगरला टांगू नका. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला, सावलीत तासभर वारा लागू द्या. ऊन नको.

उरल्या मानपानाच्या, कोऱ्या फॉलच्या तीस-चाळीस. त्यांच्याविषयी अपराधी वाटून घेऊ नका. त्या आईंनाही द्यायच्याच होत्या, राहून गेल्या. भाच्या, आईंच्या शाळेतल्या मैत्रिणी, शेजारच्या काकू, ज्यांना त्यांची आठवण हवी आहे त्यांना घरी बोलवा आणि स्वतः निवडू द्या. तुम्ही ठरवून देऊ नका. वहिनींनाही बोलवा, आणि निवडायला पहिली संधी त्यांना द्या.

टॅगवाल्या कुर्त्यांचं विचारलंत. परत करायची मुदत गेली असेलच. घरी कामाला येणाऱ्या मावशींना द्यावेत असं लिहिलंय, तर आधी त्यांना दाखवून, आवडतात का ते विचारून द्या. चमकणारं, अंगाला चिकटणारं कापड तुम्हाला नको झालंय, ते त्यांनाही नको असू शकतं.